वाचकांचे प्रश्न : कादंबरीवरची चर्चा पुढे सरकत नाही

प्रश्न : आमच्या सोसायटीत दहा जणांचा वाचनकट्टा आहे. दर महिन्याला एक कादंबरी घेतो. ‘आवडली’, ‘संथ वाटली’ एवढं झालं की गाडी आजच्या तरुण पिढीवर घसरते. काय करावं?

उत्तर : पहिला प्रश्न बदला. ‘कशी वाटली?’ म्हटलं की प्रत्येक जण निकाल देतो आणि पुढचा तासभर तोच राखत बसतो. त्याऐवजी दीडदोनशे शब्दांचा उतारा मोठ्याने वाचा, दोनदा, वेगवेगळ्या दोघांनी. पहिल्या वेळी नुसतं ऐकायचं, दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल घ्यायची. मग विचारा : हे कोण सांगतंय? त्याला हे कसं कळलं? काय सांगायचं त्याने टाळलंय?

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) घ्या. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर नाझींच्या छळातून निसटलेले ज्यू, आणि चक्रधर व हॅर्टा यांचं प्रेम. या कादंबरीवरची चर्चा फार लवकर ‘चक्रधर भेकड की अगतिक?’ या वादात अडकते. तो वाद महत्त्वाचा आहे, पण तासाभराने. गोष्ट सांगणारा चक्रधर आहे. हॅर्टा आपल्याला दिसते ती बहुतांशी त्याच्या नजरेतून. तो मुंबईला उतरतो, ती पुढे जाते आणि मग तिची पत्रं येतात. म्हणून बैठकीच्या सुरुवातीलाच प्रत्येकाने ‘पत्रांआधी मला हॅर्टा कशी वाटत होती’ हे दोन ओळींत लिहून काढावं. लिहायचंच, कारण शेवट ठाऊक असलेला वाचक आधीचं मत नकळत दुरुस्त करून सांगतो. नंतर एक पत्र मोठ्याने वाचा आणि त्या ओळी शेजारी ठेवा. चक्रधरबद्दल बोलायला आता हातात काहीतरी असतं.

तरुण पिढीकडे गाडी वळलीच, तर संचालकाने एवढंच म्हणावं : ‘हे पुस्तकात कुठे दिसलं?’ उत्तर आलं तर मुद्दा ठेवा, नाही आलं तर चहाच्या वेळी बोला. नव्वद मिनिटांच्या बैठकीत तीन उतारे पुरतात. चौथा घेतला की सगळेच अर्धवट राहतात.

प्रश्न : कुणाकडे जुनी प्रत, कुणाकडे नवी, कुणी फोनवर वाचतं. पान शोधण्यातच वेळ जातो.

उत्तर : पान क्रमांक सोडून द्या. प्रकरण आणि परिच्छेदाचे पहिले चार शब्द आदल्या दिवशी ग्रुपवर टाका.

प्रश्न : आमच्यातले एक निवृत्त प्राध्यापक लेखकाचं चरित्र आणि समीक्षकांची मतं सांगू लागले की बाकीचे गप्प होतात. त्यांना दुखवायचं नाही.

उत्तर : त्यांचं ज्ञान हवंच आहे, फक्त त्याची वेळ चुकते. लेखकाचं चरित्र आधी कळलं की कादंबरीतला माणूस म्हणजे लेखकच, असं सगळे धरून चालतात आणि मजकुराकडे बघणं थांबतं. सरांना आधीच विनंती करा : ‘शेवटची वीस मिनिटं तुमची.’ सुरुवातीला प्रत्येकी दोन मिनिटांची फेरी ठेवा आणि कमी बोलणाऱ्यापासून सुरू करा. पुस्तकाची प्रस्तावनाही सगळ्यांनी शेवटीच वाचावी, तिचाही असाच परिणाम होतो. आणि ज्याने पुस्तक सुचवलं त्याला संचालक करू नका. तो नकळत त्याची वकिली करतो.

प्रश्न : निम्म्या लोकांचं पुस्तक वाचून होत नाही. त्यांनी यावं का?

उत्तर : जरूर यावं, पण शेवट त्यांच्यापासून लपवायचा नाही, हे आधीच ठरवा. शेवट टाळून गंभीर कादंबरीवर बोलताच येत नाही. नव्या गटाने दीडशे पानांच्या आसपासची पुस्तकं घ्यावीत. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ (१९६३) घेतलीत तर दोन बैठका ठेवा : पहिली पांडुरंग सांगवीकरच्या पुण्यातल्या कॉलेजच्या दिवसांवर, दुसरी धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूवर आणि पुढच्या भागावर. दुसऱ्या बैठकीत मनी जाते तो भाग आणि होस्टेलवरचं एखादं पान लागोपाठ वाचा. वाक्यांची लांबी बघा, कुठले शब्द पुन्हा पुन्हा येतात त्यांखाली रेघ मारा. ज्यांचं वाचून झालेलं नाही त्यांनाही या कामात बरोबरीने भाग घेता येतो.