नॅनोट्यूबवर पीएचडी: अमेरिका की युरोप?

तुझा प्रश्न असा: एमएस्सी फिजिक्स झालंय, घर ऐरोलीला, लग्न ठरलंय, कार्बन नॅनोट्यूबच्या फील्ड एमिशनवर (म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांतून विद्युत क्षेत्राने इलेक्ट्रॉन खेचून काढण्यावर) पीएचडी करायचीय, तर अमेरिका की युरोप? मी मूळचा नौपाड्याचा, आता नॉर्थ कॅरोलायनात याच धंद्यात.

देश नंतर बघ, आधी लॅब. नळ्या वाढवणारे ढीगभर आहेत. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या गटाने नळ्यांच्या थरातून इलेक्ट्रॉन काढून दाखवले ते १९९५ साली. पुढे सॅमसंगने टीव्हीचा पडदाही करून पाहिला, पण एलसीडी स्वस्त झाली आणि तो विषय बारगळला. आजही डिस्प्लेची स्वप्नं दाखवणारा गाईड भेटला तर लांबूनच नमस्कार कर. खरी मागणी एक्स-रेत आहे. नेहमीच्या एक्स-रे ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉन सुटावेत म्हणून टंगस्टनची तार दोन हजार अंशांवर तापवावी लागते. नॅनोट्यूबचं कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) थंडच असतं, व्होल्टेज दिलं की लगेच चालू. त्यामुळे एका रांगेत अनेक स्रोत बसवून, ट्यूब न हलवता वेगवेगळ्या कोनांतून प्रतिमा घेता येतात. इथल्या चॅपल हिलच्या विद्यापीठात स्तनांच्या तपासणीसाठी हेच केलं. ऑस्ट्रेलियात ॲडलेडची मायक्रो-एक्स कंपनी तर अशा ट्यूबची हलकी यंत्रं विकते.

गोची आहे ती टिकण्यात. नळीच्या टोकाशी नॅनोमीटरला काही व्होल्ट इतकं विद्युत क्षेत्र लागतं आणि करंट क्षेत्राबरोबर भसाभस वाढतो. म्हणजे थरातली एखादी लांब, बारीक नळी सगळा भार ओढते, तापते आणि उडते. कधी आर्क (ठिणगी) होऊन शेजारच्यांनाही नेते. नळ्या दाट उगवल्या तर त्या एकमेकींना झाकतात, अगदी सुट्या ठेवल्या तर एकूण करंटच कमी. त्यात व्हॅक्यूममध्ये उरलेला वायू आयन होऊन टोकांवर आदळतो. हातमोजे न घालता चेंबरमध्ये बोट लावलंस तर त्या ठशातून वायू सुटत राहतो आणि पंप रात्रभर चालूनही दाबाचं गेज खाली येत नाही.

म्हणून मुलाखतीत सरळ विचार: किती मिलिअँपिअरला, कुठल्या व्हॅक्यूमला, किती तास करंट स्थिर राहतो? नुसतं टर्न-ऑन फील्ड (इलेक्ट्रॉन निघायला लागतात ते क्षेत्र) सांगत बसले तर समजून घे.

निघण्याआधी व्हॅक्यूम शिक. पुणे विद्यापीठाच्या फिजिक्स विभागात फील्ड एमिशनचं काम जुनं आहे. वाशीहून बस पकड, आधी मेल टाकून जा. रबाळे-महापेच्या एमआयडीसीत ओळख काढून रोटरी पंप उघडलेला बघायला मिळाला तर उत्तमच. इथे पहिल्याच आठवड्यात पाना हातात देतात.

पैशांचं थोडक्यात: स्वित्झर्लंड-जर्मनीत पीएचडी म्हणजे बहुधा पगारी नोकरी, मास्टर्स हवं, ते तुझ्याकडे आहे. अमेरिकेत फी माफ आणि स्टायपेंड, पण पाच-सहा वर्षं धर. बायको एफ-२ वर (विद्यार्थ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) आली तर तिला नोकरी करता येणार नाही. हे तिच्याशी आत्ताच बोल.

अमेरिकेसाठी बीकेसीच्या कॉन्सुलेटला जाताना कामाचा साध्या भाषेतला एक पानी सारांश ने. असल्या विषयांत व्हिसा कधी कधी तपासणीत अडकतो, तेव्हा तिकीट परतावा मिळेल असंच काढ.