भाऊ, समजवायचं असेल तर तिला नाही, तुम्हाला

पत्र (खर्चाचा हिशोब गाळून) : मी अमळनेर तालुक्यातला कापूस पिकवणारा शेतकरी. मुलीने दोनदा नीट दिली, एमबीबीएसला नंबर लागला नाही. आता तिसऱ्यांदा लातूरला ठेवणार आहे. ती म्हणते, शेळीच्या दुधाची फॅट जीन्समुळे कमी-जास्त कशी होते ते शिकायचं. घरच्या सहा शेळ्यांच्या फॅटची वही लिहीत बसते. फॅट चाऱ्यावर असते, त्यात जीन्सचं काय? बकऱ्या चाराले इतलं शिकाडं का? हल्ली हट्टी झाली आहे, आमच्यासोबत जेवायलाही बसत नाही. तिला समजवा.

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य वाचून मी थांबलो. मुलगी जेवायला बसत नाही, आणि तुम्ही ते हट्टाच्या खात्यात टाकलंत. लातूरची फी, खोलीचं भाडं, मेस, हा सगळा हिशोब पत्रात पैशापैशाने दिला आहे. हाच हिशोब घरात ताटावरही निघत असणार. एकोणीस-वीस वर्षांची पोर दोनदा अपेशी ठरल्याचं ओझं घेऊन त्या ताटावर कशी बसेल? तुम्ही काळजीपोटीच बोलत असाल, कापसाच्या पैशातून फी भरताना जीव तुटतो हेही मला ठाऊक आहे. पण तिच्या कानावर काय पडतं ते बघा : माझ्यामुळे घर खाली बसलं. आजपासून खर्चाचा विषय तिच्यासमोर बंद. ती नीट झोपत नसेल, कुणाशी बोलत नसेल, तर जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा, किंवा १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेच्या) मोफत क्रमांकावर फोन लावा. हे करिअरच्या आधी.

तिसऱ्यांदा लातूर? माझं मत विचाराल तर नको. मुलीला डॉक्टर व्हायचंच नाही, हे तिने तुम्हाला वही लिहून सांगितलं आहे.

आता फॅटचं. तुमचं अर्धं बरोबर आहे. पाल्याचा, कडब्याचा तंतू शेळीच्या पोटात आंबतो, त्यातून ॲसिटेट तयार होतं आणि कासेतल्या पेशी त्यापासून लहान-मध्यम साखळीची स्निग्धाम्लं, म्हणजे चरबीचे घटक, बनवतात. (कॅप्रोइक, कॅप्रिलिक, कॅप्रिक ही त्यांतली तीन. लॅटिनमध्ये शेळीला काप्रा म्हणतात, त्यावरून ही नावं पडली.) बाकीची स्निग्धाम्लं रक्तातून येतात. म्हणून चारा बदलला की फॅट हलते. पण एका गोठ्यात, एकाच चाऱ्यावर, एकाच आठवड्यात व्यालेल्या दोन शेळ्यांची फॅट वेगळी लागते, ती का? चारा हा कच्चा माल झाला. त्याची चरबी जोडणारी विकरं (एन्झाइम) किती बनणार आणि किती जोमाने चालणार, हे जनुकं ठरवतात. डीजीएटी-१ हे विकर चरबीच्या रेणूला शेवटचं, तिसरं स्निग्धाम्ल जोडतं. २०१७ मध्ये फ्रान्समधल्या दुभत्या शेळ्यांत याच्या जनुकात दोन बदल सापडले. ते असलेल्या शेळीची फॅट कमी लागते. केसीन या प्रथिनाच्या एका जनुकाचाही फॅटशी संबंध आहे. म्हणजे एक जनुक शोधलं आणि काम झालं, असं नाही. आणि बोकड दूध देत नसला तरी मादी करडातली निम्मी जनुकं त्याचीच असतात. तुम्ही बोकड अंगापिंडावरून निवडता ना? त्याच्या आईच्या फॅटची नोंद कुणी विचारली? तुमची पोर नेमकं तेच लिहून ठेवते आहे.

जनुकांचं हे काम फक्त परदेशातलं नाही. फलटणच्या निंबकर संस्थेने सुंदरबनातल्या गरोल मेंढीतलं जुळ्यांचं जनुक पिढ्यान्‌पिढ्या संकर करून दख्खनी मेंढीत आणलं आणि ‘नारी सुवर्णा’ उभी केली. मथुरेजवळ मखदूमला १९७९ पासून केंद्र सरकारची शेळी संशोधन संस्था आहे.

वाट सरळ आहे. पशुवैद्यकीय पदवीला राज्यात नीटचेच गुण धरतात, त्यामुळे तिचा अभ्यास वाया गेलेला नाही. इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, मग एम.व्ही.एस्सी.ला पशु आनुवंशिकी व पैदास. नंबर नाही लागला तर जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानात बी.एस्सी., एम.एस्सी. एक गोष्ट तिलाही स्पष्ट सांगतो : आनुवंशिकीच्या संशोधनात जागा थोड्या आहेत. पशुवैद्यकाची पदवी हातात असली तर दवाखाना, डेअरी, एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी, एवढे दरवाजे उघडे राहतात. म्हणून मी तीच वाट आधी सुचवेन.

आणि बेटा, हे तुझ्या वहीसाठी. शेवटच्या धारांत फॅट जास्त असते, तेव्हा पूर्ण दूध काढून, ढवळून मगच नमुना घे. व्याल्याची तारीख, कितवं वेत, त्या दिवशीचं दूध आणि चारा समोर लिही. दूध घटलं की टक्का आपोआप वाढलेला दिसतो, म्हणून नुसत्या टक्क्यावर जाऊ नकोस. बोकड कोणता, हा रकाना आजच आखून घे.

भाऊ, चाळीसगाव तालुक्यात बिलाखेडला शेळी-मेंढी महामंडळाचं प्रक्षेत्र आहे. येत्या सुट्टीत तिला तिथे घेऊन जा. वही सोबत असू द्या, आणि तिथल्या डॉक्टरांशी तिलाच बोलू द्या.