मनमोकळे : चित्र काढून दुःख हलके होते का?

प्रश्न : कर्जापायी माझ्या पतीने आत्महत्या केली, त्याला दोन वर्षे होतील. आमच्या बचत गटाच्या ताई सांगतात की तालुक्याला अशाच बायकांची बैठक भरते, तिथे चित्रे काढतात, शिवणकाम करतात आणि बोलतात. सासूबाई म्हणतात, ‘लेकरांचे चाळे आहेत ते, त्यानं गेलेलं माणूस येणार आहे का?’ मला तर शाळेतही चित्र कधी जमले नाही. जावे का?
— एक भगिनी, औसा तालुका, जि. लातूर

उत्तर : ताई, अवश्य जा. सासूबाईंच्या बोलण्याचा राग धरू नका. मुलगा त्यांचाही गेला आहे. पुढेमागे त्यांची तयारी झाली तर त्यांनाही सोबत न्या.

चित्र जमण्या-न जमण्याचा येथे प्रश्नच येत नाही. ‘आर्ट थेरपी’ हे नाव 1942 मध्ये एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने रूढ केले. क्षयाच्या आजारात आरोग्यधामात पडून असताना चित्रे काढल्याने मन सावरते हे त्याने स्वतः अनुभवले आणि मग शेजारच्या रुग्णांनाही रंगांकडे वळवले. ते रुग्ण काही चित्रकार नव्हते. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 39 प्रौढांनी 45 मिनिटे रंग, माती आणि कागदाचे तुकडे घेऊन मनाला येईल ते केले, तेव्हा सुमारे 75 टक्के जणांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित असलेले संप्रेरक, कमी झालेले आढळले आणि पूर्वी कलेचा सराव असण्या-नसण्याने त्यात फरक पडला नाही. अर्थात, हा एका बैठकीपुरता उतरलेला ताण आहे. तेवढ्यावरून वर्षांचे दुःख बरे होते असे कोणी सांगू लागले, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

मग चित्राचा उपयोग काय? पतीच्या मृत्यूची हकिगत तुम्ही पोलिसांना, तलाठ्याला, बँकेच्या माणसाला आणि भेटायला आलेल्या पाहुण्यांना किती वेळा सांगितली असेल! शासनाच्या एक लाखाच्या मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरेपर्यंत ती हकिगत सातबारा, थकबाकी आणि तारखा यांतच बसवावी लागते आणि हळूहळू बाईच्या स्वतःच्या तोंडीही तेवढीच उरते. पंचनाम्यात जे आले नाही, म्हणजे त्याच्यावरचा राग, आदल्या रात्रीचे भांडण किंवा ‘मला कळायला हवे होते’ ही टोचणी, त्याला कागदावर जागा मिळते. चांगली मार्गदर्शक चित्राचा अर्थ सांगत बसत नाही. समजा तुम्ही घर काढले आणि त्याला दार काढले नाही, तर ती ‘दार का नाही?’ असे विचारणार नाही. ‘या चित्रात तुम्ही कुठे आहात?’ एवढे विचारून थांबेल. तुम्ही उत्तर दिले नाही तरी चालते.

कागद नकोसा वाटला तर सुईदोरा घ्या. त्यांचे जुने सदरे अजून ट्रंकेत असतील, तर त्यांचे तुकडे गोधडीत जोडताना अशा बैठकीतल्या बायका एकमेकींशी जे बोलतात, ते समोरासमोर बसवून विचारले असते तर बोलल्या नसत्या. हात कामात आणि नजर टाक्यावर असली की जीभ सैल होते. आपल्याकडे जात्यावर बसून बायका सासर-माहेराचे दुःख ओवीत मोकळे करत असत. पिठाची गिरणी आली आणि कष्ट वाचले हे उत्तमच झाले, पण पहाटे स्वतःचे दुःख मोठ्याने म्हणण्याची जागाही त्याबरोबर गेली. तशी जागा पुन्हा करावी लागते.

एक मात्र ध्यानात ठेवा. झोप उडाली असेल, अन्न जात नसेल, किंवा आपणही संपवावे असे मनात येत असेल, तर केवळ बैठकीवर विसंबू नका. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जा आणि 14416 या ‘टेली-मानस’ क्रमांकावर फोन करा. ही सेवा विनामूल्य आहे, रात्री-अपरात्रीही चालते आणि मराठीत बोलता येते.

प्रश्न : माझ्या वर्गातला एक मुलगा प्रत्येक चित्र काळ्या रंगाने भरतो. हे मानसिक आजाराचे लक्षण समजावे का?
— एक शिक्षक, जि. परभणी

उत्तर : समजू नये. खडूच्या पेटीत काळा तेवढाच शाबूत उरला असेल, इतके साधे कारणही असू शकते. एका रंगावरून निदान होत नाही. मूल डबा खाते का, मित्रांत मिसळते का, अलीकडे एकदम गप्प झाले आहे का, हे पाहा, आणि ‘या चित्राची गोष्ट सांगतोस का?’ असे सहज विचारा.

प्रश्न : आम्ही गावात बायकांचा आधारगट सुरू केला. पहिल्याच बैठकीत एकजण ढसाढसा रडली आणि दुसऱ्या दिवशी ते साऱ्या गावात झाले. आता कोणी येत नाही. शिवाय दसऱ्यानंतर निम्म्या बायका ऊसतोडीला जातात. काय करावे?
— एक आशाताई, धारूर तालुका, जि. बीड

उत्तर : आधी त्या बाईच्या घरी जा आणि झाल्या प्रकाराबद्दल गटाच्या वतीने क्षमा मागा, तिच्यावाचून बैठक पुन्हा भरवणे बरे नव्हे. मग पहिला नियम करा की इथे ऐकलेले इथेच ठेवायचे. 1935 मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही मद्यमुक्तीची चळवळ जगभर पसरली, त्यामागे ओळख गुप्त ठेवण्याचा हाच दंडक होता. मात्र तिथे अनोळखी माणसे भेटतात, तर तुमच्या गावात प्रत्येक बाई दुसरीची जाऊ, नणंद किंवा चुलतसासू असते. म्हणून एका भावकीतल्या बायका शक्यतो वेगवेगळ्या गटांत घ्या किंवा शेजारच्या दोन गावांच्या बायका एकत्र बसवा. आठ-दहाजणींपेक्षा मोठा गट करू नका, आणि पहिल्या काही बैठकांत दुःखाचा विषय काढूच नका; रांगोळी, ठिगळकाम आणि ओव्या एवढेच चालू द्या.

ऊसतोडीचे म्हणाल, तर वेळापत्रक हंगामाप्रमाणेच आखावे लागेल. टोळ्या निघण्याआधीच्या दोन बैठकांत कोणाचीही नवी जखम उघडू देऊ नका, कारण त्यानंतर ती बाई कारखान्याच्या तळावर कोपीत एकटी असणार आहे. एकाच टोळीत जाणाऱ्या दोघींची जोडी लावून द्या. ज्या गावी राहतात, त्यांची बैठक चालू ठेवा. त्यांत म्हाताऱ्या अधिक असतील आणि नातवंडे सांभाळताना त्यांनाही कोणी विचारत नाही.