'लिस्तो' म्हणजे हुशार की तयार?

प्रश्न असा आहे: स्पॅनिश शब्दकोशात 'लिस्तो' या विशेषणापुढे 'हुशार' आणि 'तयार' असे दोन अर्थ दिलेत, वाक्यात कुठला घ्यायचा?

ते क्रियापद ठरवतं. आपल्या एका 'आहे'साठी स्पॅनिशमध्ये 'सेर' आणि 'एस्तार' अशी दोन क्रियापदं आहेत. 'आना एस लिस्ता' म्हणजे आना हुशार आहे. 'आना एस्ता लिस्ता' म्हणजे ती आवरून तयार आहे. ('एस' हे सेरचं रूप, 'एस्ता' हे एस्तारचं; स्त्रीलिंगी म्हणून लिस्तोचं लिस्ता.) आपल्या 'तयार'लाही नेमके हेच दोन अर्थ आहेत: 'डबा तयार आहे' आणि 'मोठी तयार आहे हो ती!'

'सेर कायमचं, एस्तार तात्पुरतं' हा सर्रास शिकवला जाणारा नियम इथे फसवतो. मेलेला माणूस कायमचाच मेलेला, तरी म्हणतात 'एस्ता मुएर्तो'. एस्तार आलं लॅटिन 'स्तारे'वरून, म्हणजे उभं असणं. आपल्या 'स्था'चं ते भावंड. त्यामुळे 'अवस्था' सांगायची असेल तर एस्तार, हे मराठी माणसाच्या चटकन ध्यानात राहतं. बऱ्याचदा मराठी क्रियापदच उत्तर देतं: 'तो कंटाळलाय' तिथे 'एस्ता आबुर्रीदो', 'तो कंटाळवाणा आहे' तिथे 'एस आबुर्रीदो'. आंबा पिकलाय, तर 'एस्ता मादुरो'. मुलगा समंजस आहे, तर 'एस मादुरो'.

सगळ्यात रसाळ शब्द 'बेर्दे', हिरवा. (लिहिताना व्ही, उच्चार ब.) 'एस बेर्दे' म्हणजे रंगाने हिरवा, 'एस्ता बेर्दे' म्हणजे कच्चा. आणि हा कच्चेपणा फळापुरता नाही: 'एस्ता बेर्दे एन मातेमातिकास', गणितात कच्चा आहे! त्यातही 'बिएखो बेर्दे' म्हणजे शब्दशः आपला हिरवट म्हातारा, त्याच चावट अर्थाने.

महागात पडणारी चूक 'इन्तेरेसादो'ची. नोकरीच्या मुलाखतीत 'मला या पदात रस आहे' हे 'एस्तोय इन्तेरेसादो एन एल पुएस्तो' असं सांगायचं. तिथे 'सोय इन्तेरेसादो' म्हटलंत, तर 'मी मतलबी आहे' असं होतं. ('मी'साठी एस्तारचं 'एस्तोय' होतं, सेरचं 'सोय'.)

म्हणून वहीत 'रीको = श्रीमंत, चविष्ट' असं लिहू नका. दोन वाक्यं लिहा: 'पेद्रो एस रीको', पेद्रो श्रीमंत आहे, 'ला सोपा एस्ता रीका', सूप झकास झालंय. दुसऱ्या वाक्याच्या मराठीत 'झालंय' आपसूक आलं, ते अधोरेखित करून ठेवा.