देवी आल्या, देवी काढल्या

तुम्ही विचारलंय की आधुनिक वैज्ञानिक विचार कसा जन्मला आणि जुन्या समजुतींना त्याने धक्का कसा दिला. कोपर्निकस, गॅलिलिओ, न्यूटन बाकीच्या उत्तरांत भेटतीलच. मी नर्स होते, ठाण्यात बत्तीस वर्षं लसी टोचल्या, तेव्हा मला सांगता येईल ते दंडावरून.

माझ्या डाव्या दंडावर रुपयाएवढे दोन गोल वण आहेत. माझ्या वयाच्या बहुतेकांना असतात. चेंदणी कोळीवाड्यातल्या माझ्या आजीचा दंड मात्र साफ होता, वण सगळे तोंडावर. तिला लहानपणी देवी (स्मॉलपॉक्स) आल्या होत्या आणि माझ्या देवी काढल्या होत्या, म्हणजे देवीची लस टोचली होती. रोगालाही देवी आणि लसीलाही देवी! आपल्या भाषेने दोघींना एकाच पाटावर बसवलंय.

आजी सांगायची, घरात देवी आल्या की फोडणी बंद, दाराला कडुनिंबाचे डहाळे, आजाऱ्यापाशी मोठ्याने बोलायचं नाही. उतरल्या की निंबाच्या पाण्याने अंघोळ आणि शितळादेवीला दहीभात. यात हसण्यासारखं काही नाही. डहाळे बघून पाहुणा दारातूनच मागे फिरायचा, तेवढा संसर्ग टळत असणार. अडचण वेगळीच होती. पोर वाचलं तर देवीची कृपा, गेलं तर देवीचा कोप. काहीही घडलं तरी हे उत्तर बरोबरच ठरायचं, मग नवं काही शिकणार कुठून?

गंमत म्हणजे देवीवरचा पहिला उपायही परंपरेतलाच. बंगालमध्ये टीकादार लोक देवीच्या फोडातला पू निरोगी माणसाला टोचायचे, तेही शितळेची पूजा करून. तुर्कस्तानातही अशी पद्धत होती. तिथल्या ब्रिटिश राजदूताची बायको लेडी मेरी माँटेग्यूंनी ती तिथे पाहिली आणि १७२१ मध्ये लंडनला आपल्या मुलीला टोचून घेतलं. पुढच्याच वर्षी लंडनच्या एका पाद्र्याने चर्चमध्ये प्रवचन झोडलं, की रोग देव पाठवतो, त्यात हात घालणं पाप आहे. म्हणजे हे काही फक्त आपल्याकडचं खूळ नव्हे.

रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञान संस्थेचे सचिव जेम्स ज्युरिन या वादात पडले नाहीत. त्यांनी ठिकठिकाणच्या डॉक्टरांना पत्रं लिहून विचारलं, तुमच्याकडे किती जणांना टोचलं, त्यातले किती मेले? हिशेब असा निघाला की देवी आलेल्यांत साधारण सहा-सातांमागे एक दगावतो, टोचलेल्यांत पन्नासांमागे एक. टोचून मरणारे त्यांनी लपवले नाहीत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला दुर्बिणीपेक्षा या कंटाळवाण्या वहीत जास्त दिसतं.

मग इंग्लंडमधला डॉक्टर एडवर्ड जेन्नर. गाईची धार काढणाऱ्या बायकांना देवी येत नाहीत, असं इंग्लंडच्या खेड्यांत लोक म्हणतच होते. १४ मे १७९६ ला त्याने अशाच एका बाईच्या हातावरच्या गाईच्या देवीचा (गाईंकडून माणसाला लागणारा, देवीसारखाच पण सौम्य रोग) द्रव आठ वर्षांच्या एका मुलाला टोचला, आणि जुलैमध्ये त्याच मुलाला खऱ्या देवीचा पू. (आज कुणी असं केलं तर सरळ तुरुंगात जाईल, आणि जायलाच हवं.) मुलाला काही झालं नाही. तरीही रॉयल सोसायटीने त्याचा लेख परत पाठवला. आणखी रुग्ण जमवून त्याने १७९८ मध्ये स्वतःच पुस्तक छापलं.

ती लस बगदाद-बसऱ्यामार्गे मुंबईत पोचली. १४ जून १८०२ ला ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली, ती भारतातली पहिली. फ्रीज कुठला तेव्हा? एकाच्या दंडावर फोड आला की त्यातला द्रव दुसऱ्याला, अशी दंडादंडावरून लस आली. आपल्याकडे गाडं अडलं ते इथेही: कुठल्या जातीच्या पोराच्या अंगातलं पाणी माझ्या पोराच्या अंगात घालताय? देवीचा कोप होताच, वर हे. भारतातला शेवटचा रुग्ण सापडला मे १९७५ मध्ये, म्हणजे १७३ वर्षं लागली.

मला देवी काढायला आजीनेच कडेवर नेलं होतं. नंतर केळव्याच्या शितळादेवीला जाऊन तिची ओटीही भरून आली. तिला त्यात विसंगती वाटली नाही. मला वाटते, पण तिच्याशी मी कधी भांडले नाही.

निवृत्तीच्या थोडं आधीची गोष्ट. लसीकरणाचा बुधवार, नऊ महिन्यांचं बाळ, कपाळाला तीट, गोवराची लस द्यायची होती. बरोबरची आजी म्हणाली, "सिस्टर, सकाळी लाईट गेलती ना? ही खराब झाली नसंल कशावरून?"

मी तिला बाटलीवरची खूण दाखवली. एक जांभळट गोल, त्यात फिकट चौकोन. बाटलीला ऊब लागत गेली की चौकोन गडद होत जातो. गोलाच्या रंगाला पोचला की बाटली बाद, मग मोठे डॉक्टर काही का म्हणेनात.

तिने चष्मा लावला, माझ्या हातातल्या बाटलीवर वाकून बघितलं. "दुसरी पन दाखव." दुसरीही पाहिली.

"चौकोन पांढराच हाय," ती सुनेला म्हणाली. "धर त्याला घट्ट."