मास्टर सिलिंडर बदलण्याआधी एकदा हँडब्रेक ओढून बघा

तुमचं दुखणं मला समजलं ते असं. सीवूड्सला राहता, नऊ वर्षांची हॅचबॅक आहे, पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक. मागचे व्हील सिलिंडर (चाकाजवळचे, ब्रेक शूंना बाहेर ढकलणारे) गळायला लागले म्हणून दोन्ही बाजूंचे सिलिंडर आणि लायनर (शूंवरचे घासणारे पट्टे) तुम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः बदललेत (त्याबद्दल आधी शाबासकी). आता पहिल्या दाबाला पेडल अर्ध्याच्या खाली जातं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर येऊन घट्ट होतं. बायकोला सीटवर बसवून ब्रेकच्या लाइनमधली हवा तीनदा काढलीत, लिटरभर ब्रेक ऑइल संपलं, फरक शून्य. आणि गॅरेजवाला म्हणतोय, मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा) गेला.

मला तसं वाटत नाही. मास्टर सिलिंडरचं आतलं रबर गेलं की पेडल एका जागी टिकत नाही. सिग्नलला पाय दाबून उभे असता आणि पेडल लिफ्टसारखं सावकाश खाली सरकत जातं. इंजिन बंद ठेवा, चार-पाचदा पेडल मारून बूस्टरची (इंजिनच्या जोरावर पेडल हलकं करणाऱ्या डब्याची) ओढ संपवा, आणि घट्ट झालेल्या पेडलवर मिनिटभर पाय रोवून धरा. ते जागचं हललं नाही आणि बाहेर कुठे गळतीही नसेल, तर तूर्त त्या सिलिंडरवर पैसे घालू नका.

'लांब' पेडल आणि 'मऊ' पेडल यांतला फरक पायाला शिकवायला हवा. लाइनमध्ये हवा असली की पेडल स्पंजासारखं लागतं, कितीही दाबा, ठाम असा तळ सापडत नाही. तुमचं दुसऱ्या दाबाला ठणठणीत होतंय, म्हणजे ते मऊ कमी आणि लांब जास्त आहे. मागचे शू (ड्रमला आतून दाबणारे कमानीसारखे तुकडे) ड्रमपासून फार लांब राहिले की असं होतं. पहिल्या दाबातलं सगळं ऑइल ते अंतर भरण्यात खर्च होतं. स्प्रिंगा शूंना पूर्ण मागे ओढायच्या आत दुसरा दाब पडतो, म्हणून तो बरोबर लागतो. तुम्ही नवे लायनर टाकलेत, त्यामुळे माझा पहिला संशय तिथेच.

तपासायला पाना लागत नाही. गाडी सपाटीवर उभी करा, हँडब्रेक चार-पाच खटके ओढा आणि पेडल दाबा. हँडब्रेकची केबल शूंना ड्रमजवळ ढकलते. पेडल एकदम वर आलं तर तुमच्याकडे हवेचा प्रश्न नाही, अ‍ॅडजस्टमेंटचा आहे. मग हँडब्रेक पूर्ण खाली, केबल सैल, ड्रम काढा, दोन शूंमधला अ‍ॅडजस्टर थोडा थोडा बाहेर फिरवा आणि ड्रम चढवून बघा. चाक हाताने फिरवल्यावर हलकी खसखस ऐकू यावी, पण चाक अडू नये. लोक नेमकं उलटं करतात. हँडब्रेक फार वर येतो म्हणून आधी केबल ताणतात. मग आतला लिव्हर आपल्या जागेवर टेकतच नाही आणि आपोआप अ‍ॅडजस्ट होणारी यंत्रणाही कामातून जाते. केबल ताणायची ती सगळ्यात शेवटी.

हँडब्रेक ओढूनही पेडल खालीच जात असेल तर हवा आहे, किंवा हवा निघायला वाटच नाही. या दुसऱ्या प्रकाराने माझा एक अख्खा रविवार खाल्लाय. मानपाड्याला आमच्या पार्किंगमध्ये पुढचे दोन्ही कॅलिपर (डिस्कला चिमटीत पकडणारे) एकदम काढून साफ केले, बसवले, आणि सकाळपासून हवा काढत बसलो. बायको आतून "दाबलं", मी खालून "धर... सोड". दुपारपर्यंत ती म्हणाली, आता माझ्या पायाचा ब्रेक लागेल. बुडबुडे यायचे थांबले होते, पेडल मात्र लोण्यासारखं. आमच्या इमारतीतले एक काका एसटीच्या खोपट डेपोतून फिटर म्हणून निवृत्त झालेत. जन्म गेला हवेच्या ब्रेकवर, त्यामुळे हवा काढायला एवढी धडपड बघून त्यांना मजाच वाटत होती. खाली वाकून त्यांनी कॅलिपरकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "हवा वर जाते ना रे? मग तिचं दार खाली का ठेवलंस?" डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता मी. निप्पल (हवा सोडायचा लहान स्क्रू) तळाला, हवा माथ्याला. दहा लिटर ऑइल ओतलं असतं तरी निघाली नसती. तुम्ही पुढचं काही उघडलेलं नाही, तरी एकदा चारही निप्पल आपापल्या ठिकाणी वरच्या अंगाला आहेत ना ते बघा.

आता हवा काढण्याची पद्धत. तीनदा करून जमलं नाही तर चूक बहुधा हाताच्या आणि पायाच्या ताळमेळात असते. निप्पलला आधी रिंग पाना (बहुतेक गाड्यांना ८ किंवा १० नंबर), त्यावर पारदर्शक नळी. सलाईनची किंवा फिश टँकची नळी घट्ट बसते. नळीचं दुसरं टोक बाटलीत, बाटलीत बोटभर ताजं ऑइल, टोक त्यात बुडालेलं. पेडल सावकाश दाबायचं, धपाधप मारलं तर हवेचा फेस होतो आणि तो निघता निघत नाही. पेडल दाबलेलं असतानाच निप्पल पाव आटा सैल, ऑइल वाहिलं की बंद, आणि बंद झाल्यावरच "सोड". हा क्रम एकदा चुकला की नळीतली हवा उलटी आत जाते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. म्हणून पेडलवर बसलेल्या माणसाने प्रत्येक हुकूम मोठ्याने परत म्हणायचा. सुरुवातीला नळीतून कोऱ्या चहाच्या रंगाचं ऑइल येईल, मध्ये मोहरीएवढे बुडबुडे, मग फिकट मधासारखं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरच्या टोकाला, जिथे पिस्टन रोज पोचत नाही तिथे, गंज आणि मळ बसलेला असतो. पेडल जमिनीपर्यंत नेलं की रबर त्यावरून घासतं आणि चांगला सिलिंडर खरंच जातो. गॅरेजवाल्याचं भाकीत मग आपल्याच पायाने खरं ठरतं.

दर पाच-सहा दाबांनी ब्रेक ऑइलची टाकी बघा, पातळी 'मिन'च्या खुणेखाली गेली तर पहिल्यापासून सुरू. चाकांचा क्रम मॅन्युअलमध्ये असतो तोच धरा. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून साधारण मागचं डावं चाक आधी, पण बऱ्याच लहान गाड्यांत ब्रेकच्या लाइन तिरक्या जोडलेल्या असतात आणि क्रम बदलतो. टाकी कधी पूर्ण रिकामी झाली असेल आणि गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, असेल (एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचं आहे), तर एबीएसच्या ब्लॉकमध्ये हवा अडकू शकते. ती काढायला बहुतेकदा स्कॅनर लावून पंप फिरवावा लागतो. घरी हट्ट करू नका.

ब्रेक ऑइल हे नाव फसवं आहे, त्यात तेल नसतंच. इंजिन ऑइल चमचाभर जरी पडलं तरी सगळी रबरं फुगतात. डॉट ३ आणि डॉट ४ हे त्याचे प्रकार, बाटलीवर लिहिलेले असतात. डॉट ३ ताजं असताना निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, डॉट ४ निदान २३० पर्यंत. पाणी शोषलं की हेच आकडे १४० आणि १५५ पर्यंत उतरतात, आणि घाटात तापून ऑइल उकळलं की वाफेमुळे पेडल खाली जातं. आपल्या पावसाळी हवेत उघडी बाटली बाल्कनीत ठेवून पुढच्या वर्षी वापरणं म्हणजे पाणी ओतणंच. मी एकदा माळशेज उतरून मुरबाडकडे येताना पाय जवळजवळ तळाला टेकवलाय. गाडी थांबवली, अर्ध्या तासाने पेडल पुन्हा ठीक. ऑइल चार वर्षांचं होतं. तेव्हापासून दर दोन वर्षांनी, सीलबंद बाटली फोडूनच. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, पुसत बसू नका. आणि जुन्या सिलिंडरची गळती नव्या लायनरला लागली असेल तर ते लायनर फेका, पेट्रोलने धुऊन चालत नाहीत.

पार्किंगमधल्या पेव्हर ब्लॉकवर जॅक खचतो, खाली प्लायचा तुकडा घाला. पुढच्या चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा) लावा आणि गाडी स्टँडवर टेकवल्याशिवाय खाली हात घालू नका. काम झाल्यावर आधी इंजिन बंद असताना पेडलवर पाय दाबून धरा आणि तसंच इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली येऊन थांबायला हवं. मग सोसायटीत चालण्याच्या वेगाने, मग आतल्या रस्त्यावर. पाम बीच रोड त्या दिवशी नको.

आज रात्री फक्त हँडब्रेकची तपासणी करा आणि पेडल किती बोटं वर आलं ते इथे लिहा. पुढचं त्यावरून ठरवू.