गणपतीला रंगवलेली भिंत आणि पुरीएवढे फुगे

प्रश्न : नमस्कार. मी मुलुंड पश्चिमेला राहतो, १९८५ ची चार मजली बिल्डिंग, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. हॉलच्या खिडकीच्या वर डाव्या कोपऱ्यात, बीमच्या लगत, दोन वर्षं ओल येतेय. खिडकी पश्चिमेला, नॅशनल पार्कच्या डोंगराकडे, त्यामुळे हवा मस्त. यंदा गणपती बसवायची पाळी आमची होती म्हणून म्हटलं भिंत तरी नीट दिसू दे. पेंटरने एका भिंतीचे आठ हजार सांगितले आणि वर "गणपतीनंतर बघू" म्हणाला, मग मला चेव आला. चार व्हिडिओ बघितले आणि पुट्टी, प्राइमर, रोलर, पॉलिश पेपर, पत्रा सगळं घेऊन आलो.

शनिवारी पोपडे खरवडले. टीव्हीवर चादर टाकली होती पण पंखा बंद करायचा राहिला, ती पांढरी भुकटी पार किचनमधल्या कणकेच्या डब्यापर्यंत गेली आणि त्या दिवसापासून ही माझ्याशी कामापुरतंच बोलतेय. रविवारी पुट्टी भरली, सोमवारी वाळेना, मंगळवारी टेबल फॅन आणि हेअर ड्रायर लावून बसलो, बुधवारी प्राइमर, गुरुवारी रंगाचे दोन हात. खरं सांगतो, गुरुवारी रात्री भिंत एवढी सुंदर दिसत होती की मी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. शुक्रवारी रात्रभर पाऊस धो धो आणि सकाळी त्या कोपऱ्यात पुरीएवढे फुगे! एक दाबून बघितला तर फट्‌कन फुटला आणि आतलं चहाच्या रंगाचं पाणी मनगटावरून पार कोपरापर्यंत आलं.

परत खरवडलं. दुकानदाराने दिलेल्या डॅम्पप्रूफचे, म्हणजे ओल अडवणाऱ्या लेपाचे, दोन हात मारले, वर रंग. आता तिथे फुगा नाही, पण डाग दोन फूट उजवीकडे सरकून स्विचबोर्डच्या वर आलाय, बोर्डाच्या स्क्रूला हात लागला की बारीक झिणझिण्या येतात. गणपतीत मखराचा पडदा थोडा जास्तच रुंद लावला, तरी आत्या आल्या आल्या म्हणालीच, "दमट वास येतोय का रे?" वरच्या काकूंच्या बाथरूमचं पाणी असणार म्हणून त्यांच्याशी भांडून आलो, त्या म्हणतात त्यांचं बाथरूम दुसऱ्याच बाजूला आहे. मध्ये तीन दिवस उघडीप होती तेव्हा डाग फिकटही झाला होता. आतापर्यंत ६,३०० रुपये गेलेत. दिवाळीच्या आत परत करायचंय, कुठला डॅम्पप्रूफ चांगला ते सांगा.
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : दादा, डबा नंतर. आधी त्या स्विचबोर्डचा एमसीबी पाडा, आत्ता, हे वाचता वाचता. झिणझिण्या म्हणजे ओल्या भिंतीतून करंट गळतोय आणि अंगठी घातलेला ओला हात एखाद दिवशी तिथे लागला तर ते झिणझिण्यांवर थांबणार नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून बोर्ड उघडून घ्या, अर्थिंग तपासून घ्या, आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) नसेल तर त्याच फेरीत बसवून टाका. तोपर्यंत तो बोर्ड वापरायचा नाही, मोबाइल चार्ज करायलासुद्धा नाही.

आता भिंत. तुम्हाला हसायचा मला हक्क नाही, कारण आमच्या दादरच्या जुन्या घरात मी ओलीवर चक्क वॉलपेपर चिकटवला होता, छान बांबूच्या डिझाइनचा, आणि एका श्रावणी सोमवारी जेवताना तो अख्खा सोलून खाली आला तो थेट वरणाच्या पातेल्यात. तेव्हा मलाही वाटलं होतं की गोंदच खराब. तुम्हाला वाटतंय डबा खराब.

पण तुमच्याच पत्रात उत्तर आहे की! रात्रभर पाऊस पडला आणि सकाळी फुगे आले, तीन दिवस उघडीप झाली आणि डाग फिकटला. वरच्या बाथरूमचं पाणी असतं तर ते पाऊस बघून आलं नसतं, न्हाणी ट्रॅपमधून, म्हणजे बाथरूमच्या जमिनीतल्या जाळीखालून, गळत असेल तर काकूंच्या आंघोळीच्या वेळेनुसार डाग वाढतो. आणि भिंतीतला नळाचा पाइप फुटला असता तर उघडीप असो नसो, डाग तसाच ओलाचिंब राहिला असता. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरका येतो, म्हणजे पश्चिमेच्या नि दक्षिणेच्या भिंतींना थेट झोडपतो. तुम्ही ज्या हवेचं कौतुक केलंत तीच हवा पाणी घेऊन येतेय.

पाणी शिरतं कुठून? तुमच्या वर्णनावरून मला दोन जागांचा संशय आहे. एक, बीम आणि विटांची भिंत मिळते ती आडवी रेघ, कारण काँक्रीट आणि वीट उन्हापावसात सारखे फुगत-आकसत नाहीत, तिथे प्लास्टरला केसाएवढी चीर पडतेच, म्हणून चांगला मिस्त्री त्या जोडावर आधी कोंबडीची जाळी मारतो आणि मग प्लास्टर करतो. दुसरी जागा छज्जा. छज्जा भिंतीला मिळतो तिथे सिमेंटचा गोलसर वाटा असतो, तो फुटला की छज्ज्यावरचं साचलेलं पाणी आरामात आत झिरपतं. भिंतीवरची चीर खालून दुर्बिणीने किंवा मोबाइलचा झूम लावून दिसते, छज्ज्याची वरची बाजू मात्र उंचावरूनच दिसेल, पण कृपा करून ग्रिलमधून बाहेर वाकून बघू नका.

तरी खात्री हवी असेल तर एक फुकटचा प्रयोग करा. जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा दीड फुटाचा तुकडा, डॅम्पप्रूफ न मारलेल्या दमट भागावर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवायचा आणि एक-दोन दिवस ठेवायचा. थेंब प्लॅस्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला आले तर खोलीतलीच दमट हवा. रोज फोटो काढा, तारखेसकट, पुढे कामाला येतील.

तुमचा डॅम्पप्रूफ आतून मारल्यामुळे काय झालं ते बघा. पाणी बाहेरून आत ढकलतंय आणि तुम्ही आतल्या बाजूने दार लावलंत, मग ते गेलं शेजारच्या दाराला, दोन फूट उजवीकडे. शिवाय पुट्टी ओली असतानाच वर प्राइमर, हेअर ड्रायरने वाळतो तो फक्त वरचा थर, आतली ओल तशीच, आणि वर प्लॅस्टिक पेंटचा पापुद्रा, त्यामुळे वाफेला जायला जागाच नाही. पोपड्यांखाली पांढरा मिठासारखा थर दिसला असेल ना, तो खार. तो कोरड्या ब्रशने झाडायचा, ओल्या फडक्याने पुसला की विरघळून परत भिंतीत.

एका गोष्टीने मात्र मला थोडी काळजी वाटली, तो चहाचा रंग. नुसती घाणही असू शकते, पण बीमच्या लगत आहे म्हणून आतल्या सळ्या गंजतायत का ते बघायला हवं. रुपयाच्या नाण्याने बीमवर टकटक करा, भदभद पोकळ आवाज आला किंवा सळीच्या रेषेत चीर दिसली तर पुट्टीबिट्टी सगळं बाजूला ठेवून सोसायटीला कळवा. तुमची बिल्डिंग १९८५ ची, म्हणजे ३० वर्षांच्या वरची, तिला मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब नुसार स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करून घेणं बंधनकारक आहे. सेक्रेटरींना विचारा शेवटचं कधी झालं.

आणि हे बाहेरचं काम तुमच्या खिशातून करायचंच नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमावलीप्रमाणे, पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती दुरुस्त करणं सोसायटीच्या खर्चाचं, आपल्या संडास-बाथरूम-सिंकचं लिकेज ज्याचं त्याने. लेखी अर्ज द्या, फोटो जोडा, एका प्रतीवर पोच घ्या. तोंडी सांगितलेलं लिकेज कुठल्याच कमिटीला आठवत नाही, हा माझा तीन सोसायट्यांचा अनुभव.

दिवाळीचं विसरा. बाहेरची चीर आणि वाटा पाऊस पूर्ण गेल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटाकडे, पायाड बांधून करून घ्यायचा. आतला डॅम्पप्रूफ आणि सैल प्लास्टर खरवडून भिंत उघडी सोडायची, दिसायला भिकार दिसेल, दिसू दे, पुढे मोठं कॅलेंडर लावा. डिसेंबर-जानेवारीत परत प्लॅस्टिकचा प्रयोग करा आणि थेंब आले नाहीत तरच प्राइमर, पातळ पुट्टीचे दोन हात, प्रत्येक हात नीट वाळल्यावर पॉलिश पेपर, परत प्राइमर आणि रंग. हे तुम्ही स्वतः करू शकता, हात वाईट नाही तुमचा, गुरुवारी रात्री भिंत सुंदर दिसतच होती, फक्त ओल आत राहिली. पंखा तेवढा बंद ठेवा.

वरच्या काकूंकडे जायचं राहिलंय. पेढे घेऊन जा आणि जाताना हिलाही बरोबर न्या, म्हणजे दोन घरांतला अबोला एकाच डब्यात मिटेल.